डॉ. बा. वि. केसकर : गाण्यांना दार लावणारा रसिक

सनीव्हेल : २०२३ च्या जुलै महिन्यात अमेरिकेतील कंट्री संगीताच्या जगात एका गाण्यावरून वादळ उठले. जेसन आल्डीन या गायकाच्या ‘ट्राय दॅट इन अ स्मॉल टाउन’ या गाण्याच्या शब्दांत छोट्या गावाच्या अभिमानाआड धाकदपटशाची भाषा दडली आहे, असा आक्षेप घेतला गेला. गाण्याची चित्रफीत टेनेसीमधील ज्या न्यायालयाच्या इमारतीसमोर चित्रित झाली होती, तेथे १९२७ साली जमावाने एका कृष्णवर्णीय तरुणाचा बळी घेतला होता. त्यामुळे आक्षेपाला धार आली आणि कंट्री म्युझिक टेलिव्हिजन या वाहिनीने ती चित्रफीत दाखवणे बंद केले. परिणाम मात्र अपेक्षेच्या उलट झाला. गाण्याची मागणी एकदम वाढली आणि थोड्याच दिवसांत ते बिलबोर्डच्या मुख्य यादीत पहिल्या क्रमांकावर जाऊन बसले.

हा अनुभव या देशाला नवा नव्हता. १९७५ साली लोरेटा लिन या गायिकेचे ‘द पिल’ हे गाणे आले. गर्भनिरोधक गोळीमुळे संसारी स्त्रीला लाभलेल्या मोकळिकीविषयीचे ते गाणे वाजवण्यास अनेक कंट्री रेडिओ केंद्रांनी नकार दिला. तरीही ते कंट्री गाण्यांच्या यादीत पहिल्या पाचांत पोहोचले. दोन्ही गाण्यांचा आशय परस्परांपासून फार दूरचा, त्यांचे चाहतेही निराळे. पण दोन्ही वेळी कोणीतरी दार लावले आणि लोक दुसऱ्या वाटेने गाण्यापर्यंत पोहोचले.

अमेरिकेत हे निर्णय निरनिराळ्या कंपन्या आणि केंद्रचालक घेतात. एकाने नाकारलेले गाणे दुसरा वाजवू शकतो. स्वतंत्र भारतात मात्र एक काळ असा होता, की संपूर्ण देशाच्या नभोवाणीवर कोणते गाणे वाजेल आणि कोणते वाजणार नाही, याचा निर्णय जवळजवळ एका माणसाच्या हाती होता. तो माणूस मराठी होता, पुण्याचा होता आणि स्वतः संगीताचा जाणकार होता. डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांचे नाव आज बहुधा थट्टेनेच निघते. चित्रपटगीतांवर बंदी घालणारा अरसिक मंत्री, एवढीच त्यांची ओळख उरली आहे. ती ओळख अपुरी आहे आणि एका अर्थी चुकीचीही आहे. केसकर अरसिक असते तर त्यांची कहाणी इतकी बोधप्रद झालीच नसती.

केसकरांचा जन्म १९०३ साली पुण्यात झाला. टिळकयुगाच्या उत्तरार्धातील ते पुणे होते. एकीकडे राजकीय चळवळींची धग आणि दुसरीकडे संगीत नाटकांचा बहर, अशा वातावरणात त्यांचे बालपण गेले. तरुणपणी ते असहकाराच्या चळवळीकडे ओढले गेले आणि पुढे त्यांचे आयुष्य पुण्यापासून दूर, काशीत रुजले. काशी विद्यापीठ ही त्या चळवळीतून उभी राहिलेली राष्ट्रीय शिक्षणाची संस्था. तिच्याशी केसकरांचा निकट संबंध आला. काशीतील या वास्तव्याने त्यांना दोन गोष्टी दिल्या. एक म्हणजे उत्तर भारतातील राजकारणात स्थान आणि दुसरी म्हणजे ध्रुपदाची तालीम. ख्यालाच्या तुलनेत ध्रुपद ही अधिक जुनी, शिस्तबद्ध आणि अलंकरणात संयमी गायकी. केसकरांच्या पुढील निर्णयांकडे पाहताना त्यांच्या कानांवर हा पहिला संस्कार झाला होता, हे ध्यानात ठेवावे लागते.

पुढे ते पॅरिसला गेले आणि तेथील सोरबोन विद्यापीठातून त्यांनी डॉक्टरेट मिळवली. इंग्लंडला न जाता फ्रान्सला जाणारे त्या काळातील भारतीय विद्यार्थी तसे विरळाच. राष्ट्राने आपली भाषा, आपली कला आणि आपले संगीत शासनाच्या आश्रयाने जोपासावे, ही युरोपातील कल्पना त्यांनी तेथे जवळून पाहिली. परतल्यावर ते काँग्रेसच्या कामात पडले. १९४६ साली जवाहरलाल नेहरूंच्या अध्यक्षपदाच्या काळात पक्षाचे सरचिटणीस झाले. संविधान सभेत ते संयुक्त प्रांतातून निवडून गेले होते. स्वातंत्र्यानंतर परराष्ट्र खात्याचे उपमंत्री म्हणून त्यांनी काम पाहिले. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत ते उत्तर प्रदेशातून लोकसभेवर आले आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात नेहरूंनी त्यांच्याकडे माहिती व नभोवाणी खाते सोपवले. पुढली दहा वर्षे ते खाते त्यांच्याकडेच राहिले.

केसकरांनी खाते हाती घेतले त्या वेळची नभोवाणी आज डोळ्यांसमोर आणणे कठीण आहे. फाळणीनंतर भारताच्या वाट्याला अवघी सहा केंद्रे आली होती. रेडिओ संच महाग होता, तो ठेवण्यासाठी सरकारी परवाना घ्यावा लागे आणि एका संचाभोवती सारी आळी जमे. जाहिराती नव्हत्या, खाजगी केंद्रे नव्हती. जे काही ऐकायचे ते सरकारकडून. आणि श्रोत्यांना सर्वांत अधिक काय ऐकायचे होते, तर चित्रपटांतील गाणी.

ही गोष्ट केसकरांना मनापासून खुपत होती. त्यांचे निदान थोडक्यात असे होते. संस्थाने विलीन झाली, राजेरजवाडे गेले आणि त्यांच्याबरोबर शास्त्रीय संगीताचा आश्रयही गेला. आता तो आधार लोकशाही राज्यानेच दिला पाहिजे आणि त्यासाठी रेडिओइतके समर्थ साधन दुसरे नाही. अशा साधनावर दिवसभर चित्रपटगीते वाजली, तर येणाऱ्या पिढीचा कान कायमचा बिघडेल. चित्रपटगीतांविषयी त्यांच्या तक्रारी दोन प्रकारच्या होत्या. चालींवर पाश्चात्त्य वाद्यवृंदाची आणि नृत्यसंगीताची छाप वाढत आहे, ही एक. शब्द उथळ आणि कामुक होत चालले आहेत, ही दुसरी.

या विचारातील पहिला भाग, म्हणजे कलावंतांना राज्याने आधार द्यावा हा, आजही पटण्यासारखा आहे. परंतु त्याला एक काळी किनार होती आणि ती झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे ठरणार नाही. उत्तर भारतीय संगीताच्या अवनतीचे खापर केसकर इंग्रजांबरोबरच मुसलमान राज्यकर्त्यांवर आणि उस्तादांच्या घराण्यांवरही फोडत. मूळचे आध्यात्मिक संगीत दरबारी करमणुकीचे झाले आणि बंदिस्त घराण्यांत अडकले, असे त्यांचे मत होते. ज्या घराण्यांनी पिढ्यान्पिढ्या ही विद्या जिवापाड जपली, त्यांच्याविषयी हे म्हणणे अन्यायाचे होते. महाराष्ट्राला तर हे सांगण्याचीही गरज नसावी. अब्दुल करीम खाँ आणि अल्लादिया खाँ यांच्यावाचून मराठी माणसाचे शास्त्रीय संगीत उभेच राहिले नसते.

ज्याला लोक सरसकट बंदी म्हणतात, ती प्रत्यक्षात पायरीपायरीने आली. प्रथम चित्रपटगीतांसाठी ठेवलेला वेळ कमी करून एकूण प्रसारणाच्या सुमारे दहा टक्क्यांवर आणण्याचे ठरले. त्यानंतर गाण्यांची छाननी सुरू झाली; शब्द आणि चाल तपासून योग्य ती निवडायची आणि बाकीची बाजूला ठेवायची. तिसरी पायरी वरवर किरकोळ दिसणारी होती. गाणे वाजवताना गायकाचे नाव सांगायचे, परंतु चित्रपटाचे नाव घ्यायचे नाही, कारण चित्रपटाचे नाव म्हणजे फुकटची जाहिरात.

नेमकी हीच पायरी वर्मी लागली. चित्रपटाच्या नावाचा उल्लेख हाच निर्मात्यांचा मोबदला होता. तो गेल्यावर त्यांनी आपली गाणी प्रसारित करण्याची परवानगीच काढून घेतली. सरकारला गाणी कमी करायची होती, निर्मात्यांनी ती पूर्णच बंद केली आणि केसकरांनीही त्यांची मनधरणी केली नाही. अवघ्या काही महिन्यांत भारतातील सर्वांत लोकप्रिय संगीत भारताच्या नभोवाणीवरून नाहीसे झाले.

याच वर्षी ‘बैजू बावरा’ प्रदर्शित झाला, हा योगायोग विलक्षण म्हटला पाहिजे. नौशादांचे संगीत रागदारीवर उभे होते. विष्णू दिगंबरांचे चिरंजीव द. वि. पलुसकर आणि उस्ताद अमीर खाँ यांची जुगलबंदी त्या चित्रपटात होती. त्यातील मालकंस रागातले भजन शकील बदायुनी यांनी लिहिले, नौशादांनी बांधले आणि महंमद रफींनी गायिले. तिघेही मुसलमान आणि भजन हरिदर्शनाच्या व्याकुळतेचे. कोट्यवधी सामान्य माणसांच्या कानांवर राग पोहोचवण्याचे जे काम केसकरांना करायचे होते, तेच काम एक चित्रपट करत होता आणि चित्रपटसंगीतालाच नभोवाणीचे दार बंद होते.

शब्दांच्या छाननीचा प्रश्न तर याहून नाजूक होता. कामुक शब्द कोणता आणि शृंगारिक कोणता, हे फायलीवर कोणी आणि कसे ठरवायचे? मराठी परंपरेत वाढलेल्या माणसाला तरी ही अडचण ठाऊक असायला हवी होती. पेशवाईच्या उत्तरकाळातील आपले शाहीर आठवा. होनाजी बाळाच्या फडातून ज्या लावण्या निघाल्या त्यांतला शृंगार आजच्या परीक्षकालाही दचकवील. आणि ‘घनश्याम सुंदरा’ ही भूपाळीही होनाजीचीच. रामजोशी सोलापूरच्या वेदशास्त्री घराण्यातला, तो तमाशाच्या बोर्डावर गेला आणि पुढे कीर्तनाकडे वळला. छाननी समिती बसवून यांच्यातला चांगला कवी आणि वाईट कवी वेगळा काढता आला असता का? मराठी चित्रपटाने या दोघांनाही पडद्यावर आणले होते. ‘लोकशाहीर रामजोशी’ १९४७ साली आणि ‘अमर भूपाळी’ १९५१ साली. म्हणजे केसकर मंत्री होण्याच्या आदल्याच वर्षी मराठी प्रेक्षक हा प्रश्न चित्रपटगृहात बसून सोडवत होते.

श्रोत्यांनी आपला मार्ग काढला आणि तो समुद्रापलीकडून आला. दुसऱ्या महायुद्धात दोस्त राष्ट्रांच्या सैन्यासाठी कोलंबोत उभारलेले शक्तिशाली शॉर्टवेव्ह प्रक्षेपक युद्धानंतर रेडिओ सिलोनच्या ताब्यात आले होते. त्यांचा आवाज सबंध भारतभर पोहोचे. सिलोनला जाहिराती घेण्याची मुभा होती, चित्रपट निर्मात्यांना गाणी ऐकवायची होती आणि कंपन्यांना ग्राहक हवे होते. तिन्ही गरजा एकत्र आल्या. १९५२ च्या डिसेंबरात एका टूथपेस्टच्या नावाने ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. अमीन सयानी यांच्या निवेदनाचे ध्वनिमुद्रण मुंबईत होई, फिती विमानाने कोलंबोला जात आणि बुधवारी रात्री आठ वाजता तीच गाणी पुन्हा मुंबई-पुण्यात, नागपूर-इंदुरात ऐकू येत. भारतात तयार झालेली, भारतीयांनी गायिलेली गाणी भारतीयांना परदेशातून ऐकावी लागत होती. दहांपैकी नऊ रेडिओ सिलोनला लावलेले असतात आणि दहावा बिघडलेला असतो, असा विनोद त्या काळी प्रचलित होता.

आज सनीव्हेल, फ्रीमॉन्ट किंवा सॅन होजेच्या घरांत जुन्या गाण्यांच्या मैफली जमतात, तेव्हा साठीसत्तरीच्या पुढची मंडळी सिलोनच्या आठवणींत रमतात. आवाज येतो-जातो म्हणून संच खिडकीजवळ नेणे, एरियलची तार उंच बांधणे, खरखरीतून गाण्याची ओळ पकडणे, हे सारे त्यांच्या बोलण्यात असते. या आठवणी जितक्या सिलोनच्या आहेत, तितक्याच केसकरांच्याही आहेत, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. दार लागले नसते तर एका शेजारी देशाच्या रेडिओवर तीन पिढ्यांचे इतके प्रेम जडलेच नसते.

इथवरची गोष्ट अनेकांना ठाऊक असते आणि बहुतेक लेख येथेच थांबतात. परंतु केसकरांच्या दशकाची दुसरी बाजू पाहिल्याखेरीज त्यांचा न्याय होणार नाही.

त्यांनी जे काढले त्याच्या जागी काहीतरी ठेवण्याची जबाबदारीही त्यांनी पत्करली. १९५२ च्या जुलैत संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. एरवी राजवाड्याच्या दिवाणखान्यात किंवा मोठ्या शहरातील संगीत परिषदेतच ऐकू येणारे कलावंत शनिवारी रात्री लहान गावातील शाळामास्तराच्या घरी येऊन गाऊ लागले. कर्नाटक संगीत उत्तरेत आणि हिंदुस्थानी संगीत दक्षिणेत पोहोचले. रविशंकर यांच्या नेतृत्वाखाली आकाशवाणीचा वाद्यवृंद उभा राहिला. १९५४ पासून आकाशवाणी संगीत संमेलने भरू लागली. संस्थानी आश्रय गमावलेल्या शेकडो गायक-वादकांना दरमहा निश्चित मानधन मिळू लागले. भारतीय शास्त्रीय संगीत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात केवळ तगले नाही, तर मध्यमवर्गाच्या घरात स्थिरावले. त्याचे श्रेय ज्यांना द्यावे लागेल, त्यांत केसकरांचे नाव वरच्या ओळीत येईल.

अर्थात येथेही त्यांचा कडक हात दिसलाच. कलावंतांची श्रेणी ठरवण्यासाठी ध्वनिचाचणीची पद्धत आली. भातखंड्यांचे शिष्य, लखनौच्या संगीत महाविद्यालयाचे प्राचार्य श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांच्याकडे त्या परीक्षक मंडळाची धुरा होती. ज्यांनी आयुष्यभर मैफली गाजवल्या त्यांनी परीक्षा द्यायची, या कल्पनेने अनेक बुजुर्ग दुखावले आणि मुंबईच्या कलावंतांनी तर उघड विरोध केला. मात्र एक गोष्ट केसकरांच्या खात्यावर चुकीने जमा केली जाते, ती हार्मोनियमवरील बंदी. ती १९४० साली, इंग्रजी अमलात लागू झाली होती. केसकरांनी ती उठवली नाही एवढेच. पेटीवर जीव असलेले पु. ल. देशपांडे १९५५ मध्ये आकाशवाणीच्या पुणे केंद्रात नोकरीला लागले, तेव्हा त्या केंद्रावर एकल पेटीला प्रवेश नव्हता.

पु. लं.चे नभोवाणीत येणे हाही केसकरांच्या काळातील एका मोठ्या बदलाचा भाग होता. केवळ सरकारी अधिकाऱ्यांनी कार्यक्रम न आखता नामवंत साहित्यिक आणि कलावंतांना निर्माते म्हणून आणावे, असे धोरण त्या काळात राबवले गेले. चित्रपटगीतांची पोकळी भरण्यासाठी केंद्राकेंद्रांवर सुगम संगीताचे विभाग निघाले. चांगल्या कवींकडून गीते लिहून घ्यायची, चांगल्या संगीतकारांकडून ती बांधून घ्यायची आणि लोकांना पर्याय द्यायचा, अशी ही योजना. हिंदीत तिला मर्यादित यश आले. मराठीत मात्र तिच्या वातावरणात एक चमत्कार घडला.

पुणे केंद्र १९५३ च्या २ ऑक्टोबरला सुरू झाले होते. तेथील अधिकारी सीताकांत लाड यांनी आपले स्नेही ग. दि. माडगूळकर यांच्याकडे वर्षभर चालेल अशा संगीत मालिकेची मागणी केली. माडगूळकर कोण होते? मराठी चित्रपटाचे आघाडीचे गीतकार आणि पटकथाकार. ‘रामजोशी’च्या लेखनाशी ज्यांचे नाव जोडलेले आहे तेच. संगीत सुधीर फडके यांचे. तेही चित्रपटांचेच संगीतकार. १९५५ च्या १ एप्रिलला, रामनवमीच्या दिवशी ‘गीतरामायण’ सुरू झाले आणि वर्षभर दर आठवड्याला एक नवे गीत प्रसारित होत राहिले. अधिक मासामुळे संख्या छप्पन्नवर गेली. माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, मालती पांडे, राम फाटक अशा अनेकांनी त्यात गायिले. गाण्याच्या वेळी घराघरांत रेडिओपुढे उदबत्ती लावली जाई, संचाला हार घातला जाई. पुढे देशातील अनेक भाषांत त्याचे अनुवाद झाले. सनीव्हेलपासून सिंगापूरपर्यंत जिथे मराठी मंडळ आहे, तिथे रामनवमीच्या आसपास त्याचा प्रयोग आजही होतो.

केसकरांनी ‘गीतरामायण’ करवून घेतले, असे म्हणणे चूक ठरेल. ती लाड, माडगूळकर आणि फडके यांची निर्मिती. परंतु नभोवाणीने स्वतःची गीते निर्माण करावीत, हे त्या काळचे धोरण होते आणि त्या मोकळ्या जागेत ते उगवले. आणि ते उगवले तेही कोणाच्या हातून? ज्या चित्रपटसृष्टीच्या गाण्यांवर केसकरांचा राग होता, त्याच सृष्टीत घडलेल्या दोन माणसांच्या हातून. जो कवी तमाशापटासाठी फटकेबाज लावणी लिहू शकत होता, तोच कौसल्येचे आणि सीतेचे मन उलगडू शकत होता. दोन्ही गोष्टी त्याच्या एकाच लेखणीत होत्या. उथळ शब्द लिहिणारे वेगळे आणि उदात्त शब्द लिहिणारे वेगळे, ही केसकरांच्या धोरणामागील समजूत त्यांच्याच जन्मगावातील केंद्राने नकळत खोटी ठरवली.

दरम्यान सिलोनची लोकप्रियता थांबत नव्हती. श्रोते गेले, जाहिरातींचा पैसा गेला आणि संसदेत-वर्तमानपत्रांत टीका होऊ लागली. अखेर सरकारने माघार घेतली, मात्र ती डौलाने घेतली. १९५७ च्या ३ ऑक्टोबरला मनोरंजनासाठी स्वतंत्र सेवा सुरू झाली. कवी पंडित नरेंद्र शर्मा यांनी तिला ‘विविध भारती’ हे नाव दिले आणि तिची सूत्रेही त्यांच्याकडेच आली. शर्मा हे साहित्यातले मान्यवर आणि चित्रपटांसाठी गीते लिहिणारेही. म्हणजे दोन्ही जगांत वावरणारा माणूस त्या जागी निवडला गेला. पहिले गीत त्यांचेच होते, संगीत अनिल विश्वास यांचे आणि आवाज मन्ना डे यांचा. या सेवेतून चित्रपटगीते अधिकृतपणे भारतीय नभोवाणीवर परतली. केसकर त्या वेळीही मंत्री होते. आपल्याच कारकिर्दीत आपलाच निर्णय फिरवण्याची वेळ फार थोड्या मंत्र्यांवर येते. त्यांनी खाते सोडले नाही आणि विविध भारतीच्या वाटेत अडथळाही आणला नाही. सिलोनकडे गेलेला श्रोता परत येण्यास तरीही बरीच वर्षे लागली. पुढे १९६७ साली मुंबई, पुणे आणि नागपूर येथून विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या, तेव्हा सिलोनच्या गणिताचा तो धडा सरकारने पूर्णपणे गिरवला.

१९५९ च्या सप्टेंबरात दिल्लीत दूरचित्रवाणीचे प्रायोगिक प्रक्षेपण सुरू झाले, तेही केसकरांच्याच काळात. १९६२ मध्ये त्यांचे मंत्रिपद संपले. १९६३ साली फर्रुखाबादच्या पोटनिवडणुकीत ते काँग्रेसतर्फे उभे राहिले. समोर डॉ. राममनोहर लोहिया होते. दोघेही स्वातंत्र्यलढ्यातले, दोघांनीही युरोपातून डॉक्टरेट मिळवलेली. एकाची पॅरिसची, दुसऱ्याची बर्लिनची. लोहिया जिंकले आणि लोकसभेत जाऊन त्यांनी नेहरूंच्या धोरणांवर गाजलेले हल्ले चढवले. केसकरांचे सक्रिय राजकारण तेथे जवळपास संपले.

उरलेल्या वर्षांत त्यांनी नॅशनल बुक ट्रस्टचे अध्यक्षपद सांभाळले आणि विविध भारतीय भाषांत स्वस्त, चांगली पुस्तके पोहोचवण्याचे काम पाहिले. स्वभावाला साजेसेच हे काम होते. फरक इतकाच की येथे कोणाचे पुस्तक थांबवायचे नव्हते, फक्त नवे द्यायचे होते. १९६७ मध्ये भारतीय संगीतापुढील प्रश्न मांडणारे त्यांचे इंग्रजी पुस्तक मुंबईच्या पॉप्युलर प्रकाशनाने काढले. १९८४ साली त्यांचे निधन झाले. तोवर खिशात मावणारे ट्रान्झिस्टर आणि कॅसेट गावोगाव पोहोचल्या होत्या. कोणी काय ऐकावे, हे मंत्रालयातून ठरवण्याचे दिवस केव्हाच मागे पडले होते.

केसकरांच्या आयुष्याकडे आज परदेशातून पाहताना त्यांची थट्टा करणे सोपे आहे. पण आपल्यापैकी अनेकांच्या घरात एक लहानसा केसकर असतो, हे नाकारता येत नाही. मुले गाडीत बसल्यावर कोणती गाणी लावतात, त्या रॅपमधले शब्द कोणते, त्या कंट्री गाण्यातला राग कोणावर आहे, आपल्याच हिंदी-मराठी नव्या गाण्यांतली भाषा कुठे चालली आहे, या चिंता आपल्याही आहेत. त्या खोट्या नाहीत. शब्दांचा मनावर परिणाम होतो, या केसकरांच्या मूळ श्रद्धेत काही चूक नव्हती. टेनेसीतील त्या न्यायालयासमोर उभे राहून गायिलेल्या गाण्याने दुखावलेल्यांची वेदनाही खरी होती.

चूक पुढच्या पावलात होती. ज्या गोष्टीची लोकांना तहान आहे ती समोरून काढून घेतली की तहानही जाते, असे त्यांनी गृहीत धरले. तहान गेली नाही. ती फक्त कोलंबोला गेली. आणि श्रोता तेथे गेल्यावर त्याला राष्ट्रीय कार्यक्रमाकडे वळवण्याची संधीही हातची गेली. एकाच रेडिओवर मालकंसातले चित्रपटातील भजन आणि त्यानंतर मालकंसाचा ख्याल लागोपाठ वाजला असता, तर किती श्रोते एकाकडून दुसऱ्याकडे गेले असते, याचा हिशोब आता मांडता येणार नाही.

त्यांनी थांबवलेल्या गाण्यांपैकी कितीतरी गाणी विस्मरणात गेली नाहीत. ती आज आपल्या फोनवर आहेत. शनिवारच्या रात्रीचे राष्ट्रीय कार्यक्रम, तेथे ध्वनिमुद्रित झालेली मोठ्या कलावंतांची गायने आणि पुणे केंद्राची ती छप्पन्न गीते, यांतलेही बरेच शिल्लक आहे. केसकरांनी लावलेले दार पाच वर्षांत उघडावे लागले; त्यांच्या काळात उघडलेली दारे मात्र अजून कोणी लावलेली नाहीत. पुढच्या रामनवमीला आपल्या मंडळाच्या सभागृहात ‘गीतरामायण’ सुरू होईल, तेव्हा निवेदकाने माडगूळकर आणि फडके यांच्याबरोबर त्या काळच्या नभोवाणीचाही उल्लेख करावा, आणि त्या ओघात या हट्टी पुणेकराचे नावही एकदा घ्यावे.